चौकशीच्या खोलीत काय बसवावं: ठाण्याचं सीसीटीव्ही, हातातला मोबाइल की स्वतंत्र संच?

आरोपीच्या चौकशीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचं म्हटलं की पोलीस ठाण्यासमोर आज तीन पर्याय असतात: भिंतीवर आधीच असलेलं सीसीटीव्ही, तपासी अंमलदाराच्या हातातला मोबाइल, आणि चौकशीच्या खोलीसाठी खास बसवलेला दोन कॅमेरे, दोन माइकचा संच. तिन्ही पर्याय इथे एकाच कसोटीवर तपासले आहेत. काही वर्षांनी ती फाइल सत्र न्यायालयात लावली, तर प्रत्येक वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत ऐकू येईल का, आणि त्या वाक्याच्या आधी-नंतर काय घडलं ते दिसेल का? या कसोटीवर सीसीटीव्ही नापास होतं. मोबाइल ठरावीक कामापुरता उत्तम आहे. स्वतंत्र संच घेण्यासारखा आहे, पण तो नीट बसवला तरच, आणि बहुतेक ठिकाणी पैसे कॅमेऱ्यावर जातात व माइकची आठवण शेवटी होते.

खरेदीआधी हे मुद्रण कशासाठी हवंय ते पक्कं करायला हवं. भारतात आरोपीच्या चौकशीचं चित्रीकरण सक्तीचं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८० म्हणतं की पोलिसांनी घेतलेला जबाब ध्वनिचित्र साधनानंही नोंदवता येईल. 'येईल', 'आलाच पाहिजे' नाही. सक्ती आहे ती कलम १०५ खाली, झडती आणि जप्तीच्या चित्रीकरणाची. शिवाय पोलिसांपुढे दिलेली कबुली भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मुळे आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, मग ती कागदावर असो की कॅमेऱ्यावर. कॅमेऱ्यामुळे अग्राह्य कबुली ग्राह्य होत नाही. वेंकटेश विरुद्ध कर्नाटक राज्य या २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं नेमकं हेच सांगितलं. तिथे तपासी अधिकाऱ्यानं आरोपींचे जबाब डीव्हीडीवर घेतले होते, खालच्या न्यायालयांनी त्यावर भिस्त ठेवली होती, आणि तीच डीव्हीडी खासगी वाहिनीवरही दाखवली गेली होती. न्यायालयानं तो पुरावा बाजूला काढला आणि वाहिनीवरच्या प्रक्षेपणाला न्यायदानातला हस्तक्षेप म्हटलं. ज्या संचातून क्लिप कुणीही, कधीही, नोंद न होता बाहेर काढू शकतो, तो संच घेऊ नये याचं पहिलं कारण हेच.

मग उपयोग काय? सर्वांत मोठा उपयोग निवेदन पंचनाम्याचा, म्हणजे आरोपीनं पंचांसमोर दिलेल्या माहितीच्या लेखी नोंदीचा. आरोपीनं दिलेल्या माहितीवरून वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला माहितीचा भाग कलम २३ च्या परंतुकानुसार, म्हणजे त्यातल्या अपवादानुसार, पुराव्यात येतो. पूर्वीच्या पुरावा कायद्याचं हे कलम २७. पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयानं, घालून दिलेली मर्यादा आजही तशीच आहे: 'चाकू माझ्या घराच्या छपरात लपवला आहे, काढून देतो' एवढं चालतं, 'ज्या चाकूनं मी अमक्याला भोसकलं तो' हा तुकडा चालत नाही. प्रत्यक्षात पंचनाम्यात दोन्ही एकाच वाक्यात येतात, आणि ते वाक्य आरोपीचं कमी, लेखनिकाच्या सवयीचं जास्त असतं. दहा गुन्ह्यांचे निवेदन पंचनामे शेजारी ठेवले तर भाषा शब्दशः सारखी. सुब्रमण्य विरुद्ध कर्नाटक राज्य (२०२२) मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की आरोपीचे नेमके शब्द, पंचांच्या समक्ष, जसेच्या तसे नोंदवायला हवेत. पंच फितूर होणं ही तर रोजची गोष्ट. अशा वेळी आरोपी स्वतःच्या बोलीत, पंचांसमोर, काय बोलला याची सलग ध्वनिफीत असेल तर वाद तिथेच मिटतो.

दुसरा उपयोग मोक्कासाठी, म्हणजे महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यासाठी. १९९९ च्या या कायद्याचं कलम १८ पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य धरतं, आणि ती लेखी किंवा आवाज किंवा चित्र पुन्हा उमटवणाऱ्या यांत्रिक साधनावर नोंदवायला पहिल्या दिवसापासून परवानगी देतं. तरीही वर्षानुवर्षं भर कागदावरच राहिला. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात उच्च न्यायालयानं २१ जुलै २०२५ रोजी सर्व १२ जणांना निर्दोष सोडताना मोक्काखालचे लेखी कबुलीजबाब विश्वासार्ह मानले नाहीत. छळाचे आरोप आणि जबाबांतला एकसारखा मजकूर ही त्यातली मोठी कारणं होती. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली. पण छळ झाला की नाही आणि शब्द कुणाचे, हे दोन्ही प्रश्न सलग मुद्रणानं सुटण्यासारखे आहेत, हे त्यामुळे बदलत नाही. प्रामाणिक अधिकाऱ्यालाही याचा तितकाच फायदा. कोठडीत मारलं असा खोटा आरोप झाला तर त्याच्याकडे दाखवायला काहीतरी असतं.

आता ठाण्याचं सीसीटीव्ही. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवायला सांगितले: प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडा, स्वागतकक्ष, निरीक्षक-उपनिरीक्षकांच्या खोल्या, ठाणे अंमलदाराची खोली, ठाण्याची मागची बाजू. चौकशी करणाऱ्या केंद्रीय यंत्रणांची कार्यालयंही त्यात आली. कॅमेऱ्याला रात्री दिसलं पाहिजे, आवाज असलाच पाहिजे, आणि साठवण १८ महिने, तेवढी साधनं बाजारात नसतील तर जास्तीत जास्त, पण कुठल्याही परिस्थितीत एक वर्षाच्या खाली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाला बंद कॅमेऱ्यांची पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली.

साठवणुकीचं गणित केलं की अडचण कळते. एक कॅमेरा २ मेगाबिट प्रतिसेकंद या माफक दरानं चालवला तर दिवसाला २१.६ जीबी होतात. १६ कॅमेरे म्हणजे दिवसाला सुमारे ३४६ जीबी. १८ महिन्यांना लागतात जवळपास १८९ टीबी. रेकॉर्डरमध्ये ८ टीबीच्या दोन डिस्क असतील तर ४६ दिवसांत डिस्क भरते आणि जुनं आपोआप पुसलं जायला लागतं. जामीन अर्जात मारहाणीचा मुद्दा येईपर्यंत, किंवा वकिलाचा फुटेज जतन करण्याचा अर्ज लागेपर्यंत ते ४६ दिवस सहज उलटतात. नवा कोडेक (चित्र दाबून लहान करणारी पद्धत) वापरून दर निम्मा केला तरी ९४ टीबी हवेतच. म्हणून निविदेत 'पुरेशी साठवण' असं लिहिणं निरर्थक आहे. कॅमेऱ्यांची संख्या, प्रत्येकाचा दर आणि दिवस लिहून गुणाकार मांडावा.

पण चौकशीच्या कामाला सीसीटीव्ही नापास होण्याचं कारण आवाज आहे. छताच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याचा टाचणीच्या टोकाएवढा माइक बोलणाऱ्यापासून तीन-चार मीटरवर आणि पंख्यापासून एक मीटरवर असतो. वर बऱ्याच रेकॉर्डरमध्ये आवाज ८ किलोहर्ट्झवर नोंदवला जातो, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. स, श, फ यांची बरीचशी ओळख त्या वरच्या पट्टीत असते. मराठीत आणखी एक गोष्ट घडते. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि तिथेच बोलणाऱ्याचा आवाज खाली उतरतो. घाबरलेला माणूस मान खाली घालून 'मी त्या रात्री तिकडं गेलो नव्हतो' म्हणतो. 'गेलो'पर्यंत ऐकू येतं, 'नव्हतो' पंख्याच्या घरघरीत जातं. प्रतिलेख करणारा 'गेलो...' असं टिंबं देऊन लिहितो आणि अर्थ उलटा होतो. हे नंतर सॉफ्टवेअरनं दुरुस्त होत नाही. जे माइकपर्यंत पोचलंच नाही ते कुठलाही फिल्टर परत आणत नाही, आणि जास्त साफसफाई केलेला आवाज उलटतपासणीत 'फेरफार केला' या आरोपाला आयता बळी पडतो.

सीसीटीव्ही काढून टाका असं इथे अजिबात म्हणायचं नाही. आरोपी किती वाजता आणला, लॉकअपमधून किती वाजता काढला, चौकशीच्या खोलीत जाताना लंगडत होता का, हे तेच सांगतं. चौकशीच्या फाइलची पूरक म्हणून ते अमूल्य आहे. मात्र दोन्हींची घड्याळं जुळली पाहिजेत.

मोबाइलबद्दल. झडती-जप्तीसाठी कायद्यानंच मोबाइलला पसंती दिली आहे आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ई-साक्ष्य हे ॲप त्यासाठीच आहे. चित्रणाबरोबर ठिकाण आणि वेळ बांधली जाते, अधिकाऱ्याचा सेल्फी जोडला जातो, फाइल थेट सुरक्षित साठवणीत जाते, खासगी गॅलरीत पडून राहत नाही. घटनास्थळ आणि जप्तीसाठी हे ॲप नक्की वापरावं. त्याची रचनाच छोट्या तुकड्यांची आहे. ते आलं तेव्हा एका क्लिपला चार मिनिटांची मर्यादा होती. कपाटातून कोयता काढून पंचांना दाखवायला चार मिनिटं पुरतात. दोन तासांच्या चौकशीचे तीस तुकडे केले, तर प्रत्येक दोन तुकड्यांमध्ये काय झालं हा प्रश्न बचाव पक्ष तीस नाही तर एकोणतीस वेळा नक्की विचारेल, आणि तो प्रश्न रास्त असेल.

फोनच्या साध्या कॅमेऱ्यानं लांब चौकशी घेण्यात आणखी अडचणी आहेत. बहुतेक फोन सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम) घेतात आणि तोही वेग स्थिर ठेवत नाहीत, त्यामुळे फाइल दुसऱ्या स्वरूपात बदलली की तासाभरात ओठ आणि आवाज यांची फारकत होते. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणून ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली ३० चौकटींच्या चित्रात काळे पट्टे सरकतात. मध्येच फोन आला तर काही मॉडेलमध्ये मुद्रण थांबतं. उन्हाळ्यात तापून बंद पडतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे फाइल व्हॉट्सॲपवर साहेबांना पाठवली जाते, नंतर मूळ डिलीट होतं, आणि न्यायालयात व्हॉट्सॲपची दाबून लहान केलेली प्रत येते. तिचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधल्या डेटावरून निघणारा तिचा डिजिटल ठसा, मूळ फाइलशी कधीच जुळणार नाही. निवेदन पंचनाम्यानंतर जागा दाखवायला निघालेल्या प्रवासात मात्र फोनला पर्याय नाही. तिथे तो विमान मोडवर टाकून, पॉवरबँक जोडून, गाडीत बसण्यापासून वस्तू हातात येईपर्यंत सलग चालू ठेवावा. रस्ता आरोपी सांगतोय की चालकाला आधीच माहीत आहे, हे त्या चित्रणात आपोआप कळतं.

आता स्वतंत्र संच. इथे सविस्तर सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

सुरुवात खोलीपासून करा. तीन बाय साडेतीन मीटरची खोली पुरते. गुळगुळीत टाइल्स, तेलरंगाच्या भिंती आणि लोखंडी कपाट असलेल्या खोलीत आवाज घुमतो, आणि घुमणाऱ्या खोलीत महागडा माइकही हरतो. दोन भिंतींवर जाड पडदे, खाली सतरंजी किंवा कार्पेट, टेबलावर फेल्ट. एवढ्यानं जो फरक पडतो तो माइक बदलून पडत नाही. आत जाऊन एक टाळी वाजवा. टाळीमागे झणझण ऐकू आली तर खोली अजून तयार नाही. छतावरचा पंखा टेबलाच्या डोक्यावर नको. विदर्भ-मराठवाड्यात पंखा बंद ठेवून मे महिन्यात चौकशी करणं अमानुष आहे आणि उद्या तोच दबावाचा मुद्दा होईल, म्हणून शांत चालणारा एसी या संचाचाच भाग धरावा.

माइक दोन हवेत आणि दोघांचे ट्रॅक वेगळे नोंदवले जावेत. टेबलावर चपटा बाउंडरी माइक, आरोपीच्या बाजूला सरकवलेला. दुसरा छतावरून खाली सोडलेला किंवा अधिकाऱ्याच्या बाजूचा. एक्सएलआर जोडणीची संतुलित केबल असावी, नाहीतर शेजारच्या फोनची टकटक आणि विजेची गुणगुण तारेत शिरते. नोंद ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, न दाबता. एका माइकला तासाला सुमारे ३४५ एमबी लागतात, आजच्या डिस्कला हे काहीच नाही. रेकॉर्डरच्या मापावर शून्य म्हणजे आवाज फाटण्याची हद्द; नेहमीच्या बोलण्याला पातळी उणे १८ डेसिबलच्या आसपास आणि मोठ्या आवाजाला उणे ६ च्या खाली राहावी. दुसऱ्या माइकची पातळी आणखी १० डेसिबल खाली ठेवली की कुणी अचानक ओरडला तरी एक ट्रॅक फाटत नाही. आपोआप पातळी वाढवणारी सोय बंद करा. ती शांततेत पंख्याचा आवाज फुगवते आणि माणूस बोलायला लागला की पहिलं अक्षर गिळते. टेबलाचा सनमायका पेनचे ठोके आणि फाइलची सळसळ सरळ माइकला देतो, म्हणून माइकखाली रबराची चकती हवी आणि कागद माइकपासून हातभर दूर.

कॅमेरे दोन. मुख्य कॅमेरा बाजूनं, अधिकारी आणि आरोपी दोघे सारख्या आकारात दिसतील असा. हे सौंदर्यदृष्टीचं काम नाही. ओहायो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डॅनियल लॅसिटर यांच्या प्रयोगांत दिसलं की कॅमेरा फक्त आरोपीवर रोखलेला असेल तर बघणाऱ्यांना तीच कबुली अधिक स्वेच्छेची वाटते. दाब टाकणारा माणूस चौकटीत नसतो ना. न्यूझीलंड पोलिसांनी दोघांना सारखं दाखवणारी बाजूची चौकटच स्वीकारली. दुसरा कॅमेरा आरोपीवर, कमरेपासून वर, हात आणि टेबल दिसतील असा. दाखवलेला फोटो, केलेली सही त्यात टिपली जाते. उंची दोन ते सव्वादोन मीटर. छताला डकवलेल्या घुमटाकार कॅमेऱ्यात डोक्याचा भोवरा दिसतो, चेहरा नाही. आरोपीमागे खिडकी नको. दार कुठल्या ना कुठल्या चौकटीत दिसलंच पाहिजे, म्हणजे कोण आत आलं ते कळतं. १०८०पी पुरतं, फोर-के घेऊन फक्त डिस्क भरते. सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० सेकंद ठेवला की पट्टे येत नाहीत. ४ मेगाबिट दरानं एका कॅमेऱ्याला तासाला १.८ जीबी, दोघांना ३.६ जीबी. चौकशी फक्त गरजेच्या वेळी होते, त्यामुळे ४ टीबीच्या डिस्कवर सुमारे १,००० तास मावतात. सीसीटीव्हीच्या गणिताशी याची तुलना करा.

रेकॉर्डर निवडताना एक गोष्ट आग्रहानं बघा: मध्येच वीज गेली तर काय होतं? साध्या एमपी-४ फाइलची अनुक्रमणिका शेवटी, मुद्रण थांबवताना लिहिली जाते. वीज त्याआधी गेली की दीड तासाची फाइल उघडतच नाही. डिस्कवर डेटा असतो, वाचता येत नाही, आणि मग प्रयोगशाळेतून दुरुस्त करून आणलेली फाइल सिद्ध करायचं वेगळंच काम मागे लागतं. तुकड्यातुकड्यानं अनुक्रमणिका लिहिणारं एमपी-४ किंवा एमकेव्ही स्वरूप असलं की शेवटचे काही सेकंद जातात, बाकी शाबूत राहतं. पुरवठादाराला दाखवायला सांगा: मुद्रण चालू असताना प्लग काढा, पुन्हा लावा, फाइल उघडा. ही चाचणी दोन मिनिटांची आहे. यूपीएस असतोच, पण त्यातली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर ८४ वॅट-तासांची; दोन कॅमेरे, स्विच, रेकॉर्डर आणि पडदा मिळून ८०-९० वॅट धरले तर फार तर अर्धा तास, जुनी झाल्यावर दहा मिनिटं. जिथे भारनियमन आहे तिथे इन्व्हर्टर हवा.

मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्ह एफएटी-३२ या जुन्या मांडणीत फॉरमॅट केलेलं असेल तर ४ जीबीला फाइल तुटते. तुटलेल्या जागी अर्धा सेकंद जरी गायब झाला तरी तो अर्धा सेकंद खटल्याचा विषय होतो. एक्सफॅट किंवा एनटीएफएस वापरा.

दोन माध्यमांवर एकाच वेळी लिहिणारा रेकॉर्डर घ्यावा. ही कल्पना जुनी आणि सिद्ध झालेली आहे. इंग्लंडमध्ये १९८४ च्या पोलीस आणि फौजदारी पुरावा कायद्याखालच्या संहितेनुसार चौकशीच्या खोलीत एकाच वेळी दोन कॅसेटवर मुद्रण होई. एक कॅसेट संशयितासमोर सीलबंद, त्याची सही घेऊन, दुसरी कामाची प्रत. सील न्यायालयात वाद झाला तरच फोडायचं. आज कॅसेट गेल्या, तत्त्व तसंच चांगलं आहे. सीलबंद प्रत मुद्देमालात, कामाची प्रत तपासात.

घड्याळ ही छोटी वाटणारी पण खटल्यात सर्वाधिक नडणारी बाब. रेकॉर्डरमधली नाण्याएवढी सीआर-२०३२ बॅटरी संपली की वीज जाऊन आल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते. रेकॉर्डर एनटीपीनं (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीनं) राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जोडावा. इंटरनेट द्यायचं नसेल तर ठाण्यातल्या एका संगणकाशी. भिंतीवर सेकंदकाटा असलेलं साधं घड्याळ मुख्य कॅमेऱ्याच्या चौकटीत लावा. रेकॉर्डरची आणि या घड्याळाची वेळ वेगळी निघाली तरी फरक किती हे चित्रातच नोंदलं जातं, आणि स्टेशन डायरीत सुरुवातीची वेळ लिहिताना तोच फरकही लिहून ठेवला की प्रश्नच संपतो.

चालवण्याची पद्धत. आरोपी खोलीत येण्याआधी मुद्रण सुरू असावं. 'आधी बोलून घेतो, कबूल झाला की कॅमेरा लावतो' ही पद्धत मुद्रण न करण्यापेक्षा घातक आहे, कारण ती तयार केलेला शेवट दाखवते आणि तयारी लपवते. सुरुवातीला अधिकाऱ्यानं तारीख, वेळ, ठिकाण, गुन्हा रजिस्टर नंबर आणि खोलीतल्या प्रत्येकाचं नाव बोलावं. हजर असलेल्यांनी स्वतःचं नाव स्वतः सांगावं, म्हणजे पुढे आवाज ओळखता येतो. मुद्रण चालू आहे हे सांगावं. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही हा घटनेच्या कलम २० (३) चा हक्क, आणि चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा संहितेच्या कलम ३८ चा हक्क, साध्या मराठीत सांगून तो समजला का हे विचारावं. शेवटचं जेवण कधी, झोप झाली का, औषध चालू आहे का, अंगावर जखम आहे का. या चार प्रश्नांना दोन मिनिटं लागतात आणि पुढचे अनेक अर्ज वाचतात.

भाषेचा प्रश्न महाराष्ट्रात जितका गंभीर आहे तितका तो घेतला जात नाही. पारधी, गोंडी, कोरकू, भिली बोलणाऱ्या माणसाचा जबाब प्रमाण मराठीत उतरतो आणि त्यावर त्याचा अंगठा घेतला जातो. मुद्रणात मूळ शब्द राहतात. दुभाषा असेल तर त्यानं प्रत्येक प्रश्न आणि उत्तर मोठ्यानं, वेगळं बोलावं, आपसात कुजबुजून सारांश सांगू नये. त्याच्यासमोर तिसरा माइक ठेवता आला तर उत्तम.

लघवीला, चहाला, नमाजाला थांबायचं असेल तर वेळ आणि कारण बोलून बाहेर जावं, कॅमेरा रिकाम्या खोलीवर चालूच ठेवावा. परत आल्यावर पहिला प्रश्न: बाहेर असताना या गुन्ह्याबद्दल काही बोलणं झालं का? रेकॉर्डरला 'पॉझ' बटण असेल तर ते बंद करून घ्या. संपवताना आरोपीला काही दुरुस्त करायचं, जोडायचं आहे का विचारून वेळ बोलावी, आणि तो खोलीबाहेर गेल्यावरच थांबवावं.

लगेच दोन्ही प्रतींचं हॅश काढावं. एसएचए-२५६ या हॅश-पद्धतीचं मूल्य ६४ अक्षरांचं येतं. ते पंचनाम्यात टाइप करावं, हातानं उतरवू नये, शून्य आणि इतर अक्षरांची गल्लत होते. फाइलचं नाव बदललं तर हॅश बदलत नाही. स्वरूप बदललं, कापली, पुन्हा सेव्ह केली की बदलतं. न्यायालयात देताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं: भाग अ पुरावा देणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत हॅश. हे प्रमाणपत्र किती निर्णायक असतं ते जालन्याच्या निवडणूक वादानं साऱ्या देशाला शिकवलं. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल या प्रकरणात निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणावर सारा वाद होता, आणि १४ जुलै २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की मूळ साधनच हजर केलं नाही तर प्रमाणपत्र अनिवार्य. तपासी अंमलदाराची बदली होण्याआधी ते भरून घ्या. आरोपीला कागदपत्रांबरोबर मुद्रणाची प्रतही मिळायला हवी, आणि संहितेचं कलम २३० ती द्यायला आरोपी न्यायालयात हजर झाल्यापासून जास्तीत जास्त १४ दिवस देतं.

प्रत देताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. लैंगिक गुन्ह्यात चौकशीदरम्यान पीडितेचं नाव उच्चारलं गेलं असेल तर बाहेर जाणाऱ्या प्रतीत तेवढा आवाज बंद करावा. आणि शोधाशी जोडलेलं वाक्य पुराव्यात मांडायचं असेल तर कबुलीचा अग्राह्य भाग वगळून वेगळी प्रत करावी, कुठल्या मिनिटापासून कुठल्या मिनिटापर्यंत काय वगळलं त्याचा तक्ता जोडावा, मूळ अखंड फाइल सीलबंद राहू द्यावी. न्यायाधीशांनी अग्राह्य कबुली पाहून मग ती मनातून काढायची, अशी वेळ त्यांच्यावर आणू नये.

काय घ्यावं? नवा संच मंजूर असेल तर तिसराच पर्याय. पैसे थोडे असतील तर एक बाजूचा कॅमेरा आणि दोन माइक घ्या, दुसरा कॅमेरा पुढच्या वर्षी. उलटं कधीच करू नका. फक्त मोबाइल उपलब्ध असेल तर तिपाई, विमान मोड, चार्जर आणि टेबलावर ठेवायचा तारेचा बाहेरचा माइक, एवढ्यानं सीसीटीव्हीपेक्षा शंभर पटीनं चांगली फाइल मिळते. बिल पास करण्याआधी त्याच खोलीत, एसी चालू ठेवून, एका माणसाला मान खाली घालून हलक्या आवाजात वीस नकारार्थी वाक्यं बोलायला लावा. ती फाइल खोलीत नसलेल्या दुसऱ्या माणसाला न्यायालयात असतात तशा साध्या संगणक-स्पीकरवर ऐकवा आणि लिहून घ्यायला सांगा. वीसच्या वीस नकार कागदावर उतरले तरच बिलावर सही करा, आणि ती चाचणीची फाइल हॅशसकट खरेदीच्या नस्तीत लावून ठेवा.